तिसऱ्या रकान्यातील शब्द

मंगळवार, दि. १४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा फक्त जिन्यावर कुरकुरतो. तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. लाल शाईने दुरुस्त करून ते सोबत जोडले आहे.

तू विचारतोस, "ताई, पदविका काय नि पदवी काय, शेवटी कागदच ना गं?" नाही. प्रमाणपत्र सांगते, एक काम हाताला जमते. पदविकाधारक ते काम देखरेखीखाली चोख करतो. ते तसेच का करायचे, याचे गणित पदवीधराला मांडता यावे लागते; पदव्युत्तर शिकलेल्याने त्यातली चूक पकडावी. आणि डॉक्टरेट असलेल्या व्यक्तीने, म्हणजे मी, आपल्या शब्दाची जबाबदारी घ्यावी, अशी अपेक्षा असते.

तुझी पदविका आराखडे रेखाटण्याची. तुझ्याइतकी सुबक रेघ मी कुणाची पाहिलेली नाही.

शेवटी तू सहज लिहिलेस: रुग्णालयाच्या गच्चीवरची टाकी प्रथमच काठोकाठ भरली, खालच्या तुळईला तडा दिसतो, "केसाएवढा गं, लिंपून टाकलाय." आणि येत्या सोमवारपासून त्याखाली बाळंतिणींचा कक्ष सुरू होणार. त्या तुळईचे गणित कुणी केले, हे मी विचारत नाही.

नोकरीसाठी नातेवाइकाचा शिक्षणाचा कागद पडताळणीस आला की न उघडता शेजारच्या टेबलावर द्यायचा, हा आमच्या कार्यालयातला नियम माझाच. तुझा कागद तेवढा मी दिला नाही. शेजारचे गृहस्थ म्हणाले असते, "काय मॅडम, भाऊ नुसता पदविकावाला?" पडताळणीच्या तक्त्यात 'शिक्षण' या तिसऱ्या रकान्यात मी माझ्या वळणदार अक्षरात 'पदवी' लिहिले आणि शिक्का मारला. त्या शब्दावर तुला अभियंत्याच्या जागी गणिते करायला बसवले. तू म्हणाला होतास, "ताई, मला नाही झेपायचं." मी तुला भित्रा म्हटले.

आज सकाळी तो शब्द खोडून खरा लिहिला आणि प्रत वरिष्ठांना दिली. तुझी नोकरी जाईल, माझी त्याआधी.

टाकी रिकामी करायला सांग. हे पहिल्या ओळीत लिहायला हवे होते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून शिपायाच्या हाती हे पत्र. रुग्णालयाचाही फोन तासाभरापासून नुसता वाजतो आहे. मी तिकडेच निघाले आहे.

सहीखाली आजवर तीन पदव्या लिहीत आले. आज एकही लिहीत नाही.

तुझी,
ताई