पातेल्यातलं पांढरं कडं

ता. पारनेर,
रविवार, २७ मे १९७३

प्रिय मुक्ता,

तुझी दोन पत्रं आली आणि मी दोन्हींना उत्तर दिलं नाही. पहिलं आलं तेव्हा काय लिहावं ते सुचेना, दुसरं आलं तेव्हा लाज वाटली. दोन्ही पत्रं बायबलमध्ये जपून ठेवली आहेत आणि दोन्हींतला एकच प्रश्न मला पाठ झाला आहे : 'बाई, माझं काय चुकलं?' त्याचं उत्तर मला बुधवारी मिळालं. तेव्हापासून धड जेवले नाही की झोपले नाही. आज उपासनेलाही गेले नाही. एलिझाबेथबाई आणि उपासना चुकवते, म्हणजे गावात चर्चा होणार. होऊ दे.

गुरुवारी तुझ्या माहेरी बैठक आहे हे मला कळलंय. तुझ्या सासूबाई गोजरबाई आणि रंगनाथचे चुलते आबासाहेब जामखेडला येणार, तुझ्या वडिलांसमोर काडीमोड करून घेणार, आणि मग रंगनाथसाठी दुसरी मुलगी बघणार, असं इथे पारावर उघड बोलतात. कारण काय, तर मुक्तानं आळस केला, पाणी नीट न उकळता पोराला पाजलं, आणि चार महिन्यांचं लेकरू घालवलं. शिकली-सवरलेली असून! तीन महिने मी हे ऐकते आहे, आणि तीन महिने माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. पत्र लांबेल, अगं, पण सगळं वाच. मधलं गाळू नकोस.

या महिन्यात आम्हा विज्ञान शिक्षकांचा वर्ग पुण्याला भरला होता. रसायनाच्या प्राध्यापकांनी आधीच कळवलं होतं की प्रत्येकानं आपल्या गावच्या पाण्याची बाटली आणावी. मी दोन नेल्या. एक आपल्या गुरांच्या छावणीशेजारच्या विहिरीची, आणि दुसरी त्याच विहिरीचं पाणी उकळून, अर्धं आटवून, फडक्यानं गाळून भरलेली. दुसरी कशाला नेली? खरं सांगू? मिरवायला गं! दुष्काळात, सरपण मिळत नाही अशा गावात मी बायकांना पाणी उकळून प्यायला शिकवलं, हे त्या पुणेकरांना दाखवायला. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे.

बुधवारी माझी पाळी आली. परीक्षानळीत आपलं पाणी घेतलं, त्यात हिराकसाचं द्रावण घातलं, आणि नळी तिरपी धरून कडेकडेनं तीव्र आम्ल सोडलं. आम्ल जड, ते खाली जाऊन बसतं. वर पाणी, खाली आम्ल, आणि पाण्यात नायट्रेट असेल तर दोघांच्या मध्ये तपकिरी कडं धरतं. विहिरीच्या पाण्याला पुसट कडं धरलं. मी म्हटलं, ठीक आहे, म्हणूनच तर आपण उकळतो. मग मोठ्या दिमाखात दुसरी नळी धरली. मुक्ता, त्या नळीत कडं धरलं ते कोऱ्या चहाच्या काढ्यासारखं, गडद. बघतच राहिले. मी म्हणाले, नळ्यांची अदलाबदल झाली असणार. प्राध्यापकांनी नळ्या धुतल्या आणि पुन्हा करून दाखवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः केलं, तेव्हाही तेच. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, बाई, हे पाणी तुमच्याकडे तान्ह्या मुलांना देत नाहीत ना?

त्यांनी समजावलं ते तुला सांगते. छावणीत दीड हजार जनावरं आहेत, विहीर तिथून पन्नास पावलांवर. शेण-मूत जमिनीत मुरतं, जमिनीत त्याचं नायट्रेट होतं, आणि पाणी ते आपल्यात विरघळवून घेऊन विहिरीत उतरतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. मोठ्यांना बाधत नाही, म्हणून आपण सगळे ठणठणीत. आईच्या दुधात ते फारसं उतरत नाही. पण वरच्या दुधावरचं तान्हं मूल असलं, की तेच त्याच्या रक्तात जातं, रक्त तपकिरी होतं आणि श्वासातला प्राणवायू अंगाला पोचवेनासं होतं. मूल श्वास घेतं आणि तरी गुदमरतं. निळं पडतं. आणि उकळून काय होतं? जंतू मरतात, ते खरं. पण नायट्रेट वाफेबरोबर उडत नाही. पाणी अर्धं उरलं की ते तेवढ्या पाण्यात दुप्पट होतं.

यातलं मला काय ठाऊक नव्हतं, सांग बरं? इकडे येण्याआधी जामखेडच्या शाळेत तुमच्या वर्गाला पाण्याचा पाठ मी आठ दिवस शिकवला होता. बर्फ पाण्यावर का तरंगतो, झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसं चढतं, रक्तातलं मीठ-साखर कोण वाहून नेतं, पाणी नसतं तर यातलं एकही चाललं नसतं. 'पाणी कुणाला नाही म्हणत नाही,' हे माझं आवडतं वाक्य. मीठ घाला, घेतं. साखर घाला, घेतं. तेलाशी तेवढं पटत नाही. तुम्ही पोरी हसायचात, मी खूश व्हायचे. मग मिठाचं पाणी चिनीमातीच्या बशीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर आटवायचं. दिवा धरायला नेहमी तूच पुढे. पाणी उडून गेलं, बशीत पांढरं कडं राहिलं, आणि तू विचारलंस, बाई, मीठ का नाही उडालं? मी वर्गाला म्हणाले, बघा, हिला म्हणतात डोकं. दरवर्षी तो प्रयोग मी केला. बावीस वर्षं! आणि तुझ्या चुलीवरच्या पातेल्यात तोच प्रयोग रोज सकाळी होत होता, तेव्हा माझं डोकं कुठे चरायला गेलं होतं?

कार्तिकात तुझा कानिफनाथ झाला. बारशाला गोजरबाईंनी मला पाळण्याची दोरी धरू दिली, कुणीतरी कुजबुजलं तर त्यांनीच त्याला दटावलं. महिनाभरात तुझं दूध आटलं. खडी फोडायच्या कामावर, अर्ध्या भाकरीवर दूध राहणार कुठून? मग वाटपातली दूध पावडर आली. पावडर म्हणजे पाणी आलं, आणि पाणी म्हणजे मी आले. गोजरबाई म्हणत होत्या, 'दोन उकळ्या आल्या की बास हाय, सरपन कुठनं आनायचं?' मी त्यांच्याशी भांडले. बाळंतिणीला अर्धं आटवलेलं पाणी देतात ना, मग बाळाला का नाही? अर्धं म्हणजे अर्धं, एक बोटही जास्त नको, असं मी तुझ्या चुलीपुढे उभी राहून बजावलं. तू तुरीची काटकं वेचून आणायचीस, हात ओरबाडून घ्यायचीस. मुक्ता, त्या अडाणी म्हातारीचं ऐकलं असतंस तर कदाचित पोर जगलं असतं गं. हे वाक्य लिहायला मला दीड तास लागला.

फाल्गुनात ती सकाळ उजाडली. कानिफचे ओठ जांभळे, नखं जांभळी, रडण्यात जोर नाही. एस.टी. मिळेपर्यंत नऊ वाजले. नगरच्या दवाखान्यात त्याचं रक्त काढलं ते काकवीसारखं निघालं, तू मला सांगितलं होतंस, आणि मी ऐकून सोडून दिलं होतं. दुपारी तो गेला. पुण्यात प्राध्यापक 'रक्त तपकिरी होतं' म्हणाले, तेव्हा मला तुझा तो शब्द आठवला. काकवी.

काल पुण्याहून आले ती पिशवीसकट थेट शाळेत गेले. शाळेपुढच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, तान्ह्या बाळांना विहिरीचं पाणी नको, टँकरचं द्या. ते पाणीही मी तपासल्याशिवाय सोडणार नाही. मामलेदारांना अर्ज लिहिला, छावणी हलवा म्हणून. घरोघर सांगून झालं. राहीबाईच्या सुनेला दीड महिन्याची मुलगी आहे, वरच्या दुधावर. तिचं पातेलं मी स्वतः उपडं केलं, ती मला वेडी समजली असेल. मग तुझ्या सासरच्या ओट्यावर बसले. गोजरबाईंना म्हणाले, मुक्ता ज्यात पाणी आटवायची ते पातेलं दाखवा. त्या म्हणाल्या, 'ते कशाला हात लावतंय कोन? माळ्यावर टाकलंय.' रंगनाथनं काढून दिलं. तुझ्या आईनं दिलेलं जर्मनचं पातेलं. त्याच्या आत, बरोबर मध्यावर, बोटभर रुंद पांढरं कडं आहे. तिथून खाली बुडापर्यंत खरखरीत थर. मध्याच्या वर काठाकडे पुसट पट्टे. एका दिवसात असं कडं धरत नाही. तीन महिने रोज, एकही दिवस न चुकता, पाणी बरोबर अर्ध्यावर आणून थांबवलं तरच धरतं. रंगनाथ त्या कड्यावरून बोट फिरवत राहिला. त्याला मी नायट्रेट सांगितलं, त्याला ते किती कळलं देव जाणे, पण कडं कळलं. गोजरबाईंनी पातेलं मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, 'म्हंजी पोरीनं तुमी म्हनलं तस्संच केलं व्हय, बाई?' मी म्हणाले, व्हय. त्यांनी पदर तोंडात कोंबला. मला घरातून जा म्हणाल्या नाहीत, बसा पण म्हणाल्या नाहीत.

तरीही आबासाहेब हटून बसलेत, म्हणतात बैठक ठरली ती ठरली, बाई आपल्या शिष्येची बाजू घेणारच. म्हणून हे पत्र. गुरुवारी ते मोठ्यानं वाच, सगळ्यांसमोर, आणि आता पुढचं लिहिते ते तर दोनदा वाच. कानिफच्या तिसऱ्या दिवशी मी तुला भेटायला आले होते. ओटीवर बायका बसल्या होत्या, गोजरबाई होत्या. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, 'मुक्ता, पाणी नीट उकळलं होतंस ना?' तू म्हणालीस, 'बाई, रोज अर्धं आटवत होते.' आणि मी गप्प बसले. मला ते खरं वाटलं नाही. नीट उकळलं असतं तर पोर गेलंच नसतं, असं मी मनात धरलं, आणि माझं ते गप्प बसणं सगळ्या ओटीनं पाहिलं. तुझ्यावरचा आळ गोजरबाईंनी घेतलेला नाही, पोरी. तो माझ्या त्या एका प्रश्नातून निघाला. गुरुवारी मी पहिल्या एस.टी.नं येते आहे. हिराकस, आम्ल, दोन नळ्या आणि ते पातेलं बरोबर असेल. पातेलं घेऊन रंगनाथ माझ्याबरोबर येतो म्हणाला आहे, आईला न विचारता म्हणाला. तू मला दारात उभं करायचं की नाही, हे तुझं तू ठरव. उभं केलं नाहीस तर मी रस्त्यात बसून नळ्या मांडीन. फक्त तुझ्या प्रश्नाचं उत्तर गुरुवारच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं होतं. तुझं काही चुकलं नाही. तू पाणी उकळलंस, मुक्ता. मी सांगितलं तसंच, रोज, अगदी नीट उकळलंस.

तुझ्यापुढे मान खाली घालून उभी असलेली,
तुझीच
एलिझाबेथबाई