शेंडे खुडण्याची पद्धत

१२ जानेवारी. कोडिक्करै अभयारण्य.
रिटायर झालो तरी बॉटनीचा डोळा शाबूत. हरणं ज्या झुडपाचे शेंडे रोज खातात, ते गुडघ्याएवढंच राहतं. पण काय घट्ट, गोल, काटेरी, बारीक पानांचं. लेकीला, मधुमिताला दाखवलं. ती भलत्याच झुडपाचा फोटो काढत होती. ते खाल्लं जाऊन जाऊन इतकं रुंद झालेलं, की हरणाचं तोंड मध्यापर्यंत पोचत नाही. तिथून एक फांदी सरळ आभाळात. म्हणालो, अपवाद आहे, सोड.

१५ जानेवारी. कुंभकोणम.
निश्चय. मुलीलाही हीच पद्धत. एकोणतीस वर्षांची, शेंडे फार. रोज थोडे खुडायचे, प्रेमाने. वेंकटलक्ष्मीला सांगितलं. 'हं' म्हणाली. बायकोचा पाठिंबा असतोच.

२ फेब्रुवारी.
मधुला चेन्नैत इंटरव्ह्यू. निघताना सहज म्हटलं, तुझं इंग्लिश ऐकून हसतील. बस जाऊ दिली तिने. एक शेंडा.

२० फेब्रुवारी.
वीणेचा क्लास बंद करवला. कारण: शेजाऱ्यांना त्रास. शेजारचे राजगोपाल म्हणाले, त्रास कसला रायर, आम्ही टीव्ही बंद करून ऐकायचो. भिडस्त माणूस.

९ मार्च.
उत्तम प्रगती. मधु एका शब्दात उत्तर देते. म्हणजे पानं लहान. खोलीला आतून कडी. म्हणजे काटे. राजगोपालना पद्धत समजावली. म्हणाले, रायर, काटे खाणाऱ्यासाठीच येतात हो. ते बँकेत होते, त्यांना काय कळणार.

४ एप्रिल. दुपारी.
मधुचा फोन वाजत होता, मीच घेतला. चेन्नैची दुसरी कंपनी. सांगितलं, मुलीची तब्येत नाजूक आहे, नोकरी जमणार नाही.

रात्री.
तिला कळलं. ओरडली नाही. फक्त 'बरं, अप्पा.' किती आटोपशीर झाली पोर.

५ एप्रिल. सकाळी.
खोली रिकामी. वीणाही नाही. नोकरी आधीच पक्की झाली होती म्हणे. कालचा फोन नुसता तारीख सांगायला. आठवड्यात परतेल. चेन्नैचं पाणी तिला सोसत नाही.

३० एप्रिल.
मधुला माझा फोन लागत नाही. नेटवर्कचा दोष. काल राजगोपालच्या बायकोशी मात्र तासभर बोलली. त्यांचं सिम वेगळं असावं.

११ मे.
मधुमिता येणार नाही, असं दिसतं. पद्धत बरोबर होती, सुरुवात उशिरा झाली. आजपासून सगळं लक्ष वेंकटलक्ष्मीकडे.
दिवसभर तिच्या मागे मागे हिंडलो. खुडण्याजोगं काही सापडलं नाही.