फुल लिक्विड

धनज
रविवार, १३ जुलै २०२५

प्रिय वर्षाताई,

नमस्कार. तू, दाजी अन् आपली छोटी बरे असान. नाशिकले पाऊस लय आहे म्हणे. छोटीले सर्दीबिर्दी होऊ देऊ नको.

माह्या हातचं पत्र पाहून तुले हसू येईन. पण काय करू, फॅमिली ग्रुप तू सोडला, अन् गावाकडचा नंबर दिसला की तुहा फोन कट होते. म्हणून पोस्टानं पाठवून राह्यलो. माहं मराठी लिहिणं तुले माईतच आहे. वेलांटी चुकली तं मनातल्या मनात दुरुस्त करून घेजो.

इकडची खबर म्हणजे सोयाबीन चांगलं उगवलं, बाबा वावरात डवरणीत आहेत. धरमसिंगनं जुनी जीप विकून नवी घेतली, कामरगावच्या स्टँडवर लावते, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नाई. माहा बीएस्सीचा रिझल्ट लागला, पास झालो. सगळ्यात जास्त मार्क इंग्लिशमध्ये आहेत.

ही ओळ लिहून मी लय वेळ नुसता बसून राह्यलो.

मले मोठ्या आईबद्दल लिहायचं आहे. तू म्हणशीन, तिचं नाव काढू नको. पण वाच.

तुही माय आता कोणालेच हातानं काही देत नाई. परवा मी गेलो, पाणी मागतलं, तं म्हणे, "माठ तिथं आहे. आपल्या हातानं घे." शेजारची काकू विरजण मागाले आली. तिलेही म्हणे, "घरात जा बाई, तुह्या हातानं काढून घे." जिनं धनजमधल्या अर्ध्या लोकाईले शपथा घालून घालून जेवू घातलं, ती ही बाई. स्वतःपुरती एक भाकर टाकते, त्यातली अर्धी उभ्याउभ्या खाते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. महिन्याले पन्नास किलो जवारीचं पीठ लागे त्या घराले, आता डब्याले हात लागत नाई.

तेरवीच्या दिवशी तू तिले जे म्हटलं ते मी ऐकलं. सगळ्या मांडवानं ऐकलं. "तूच मारलं माह्या भावाले. तुह्या भाकरीनं मारलं." मी तवा वरणाची बकेट घेऊन पंगतीत उभा होतो. मी वाढत राह्यलो.

ताई, तिनं पवनदादाले भाकर नाई देल्ली. एक घास पण नाई.

हे मले कसं माईत ते पहिल्यापासून सांगतो. मधातून सुरू केलं तं मधातूनच पळून जाईन.

ऑपरेशनची आयडिया माही होती. दादा एकशे अठ्ठेचाळीस किलो झाला होता. शुगर होती, झोपेत श्वास अडके, दुकानात दोन खुर्च्या एकात एक घालून बसे. गेल्या दिवाळीनंतर मंगरूळपीरले पोरगी पाहाले गेलतो आमी. पोरीवाल्यायनं सगळ्यायले खुर्च्या देल्ल्या अन् दादाले म्हणे, "तुमी दिवाणावर बसा, मजबूत आहे." घरी येऊन तोच सगळ्यायले हसून सांगून राह्यला होता. मले नाई हसू आलं. त्या दिवसापासून मी व्हिडिओ पाहाले लागलो. पोट कसं लहान करतात, वर्षभरात माणूस कसा निम्मा होते. नागपूरचे डॉक्टर मीच शोधले, फॉर्म मीच भरला. मोठी आई एवढंच म्हणे, "चांगल्या पोटाले कायले कापता? उपाशी मारता का माह्या लेकराले?"

हे वाक्य सगळ्यायच्या ध्यानात राह्यलं. तुह्याही.

ऑपरेशन एकदम चांगलं झालं. दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी डाएटवाल्या मॅडम आल्या, हिंदी-इंग्लिशमध्ये फटाफट बोलल्या, हातात दोन पानं देल्ली. सगळं इंग्लिश. म्हणे, "कोई डाउट?" मी म्हटलं, "नो मॅम, आय विल मॅनेज." दादा बाजूच्या बेडवरच्या बुढ्याले सांगून राह्यला होता, "माहा भाऊ आहे. इंग्लिश मिडियम." तुले आठवते ना, तूच बाबाच्या मागं लागून मले कारंज्याच्या शाळेत टाकलं होतं. "घरात एकाले तरी इंग्लिश कागद वाचता आले पायजे," असं म्हणे तू.

मोठ्या आईले वाचता येत नाई, म्हणून मी त्या कागदाचा चित्रांचा चार्ट बनवला. पहिल्या आठवड्यासमोर छोटा कप, दुसऱ्यासमोर ग्लास, तिसऱ्यासमोर वाटी, चौथ्यासमोर ताट. स्केचपेननं रंगवला, कामरगावले जाऊन लॅमिनेशन केलं अन् पाण्याच्या माठावर भिंतीले चिपकवला. पाहाले येणारे लोक दादाच्या आधी चार्टच पाहत.

पहिला आठवडा क्लिअर लिक्विडचा. नारळपाणी अन् मुगाच्या वरणाचं वरचं निवळ पाणी. तीस मिली एका वेळी, पंधरा मिनिटं थांबायचं, मंग पुन्हा. मी मोबाइलवर अलार्म लावला होता. दादा म्हणे, "शिव्या, तू माह्या पोटाचा तहसीलदार झाला लेका. तुह्या सहीबिगर घोट उतरत नाई." मोठी आई मापाचा कप हातात घेऊन दिवसभर त्याच्या उशाशी बसून राहे. एक थेंब जास्त नाई, एक कमी नाई. सात दिवसांत सहा किलो उतरले. मी स्टेटस टाकलं. तू हार्ट पाठवलं होतं.

आठव्या दिवशी कागदावर होतं, फुल लिक्विड्स. समोर मिली लिहिलेले नव्हते.

कामरगावच्या स्टँडवर चहा हाफ भेटते अन् फुल भेटते. माह्या डोक्यात तेच आलं. कालपर्यंत थोडंथोडं, आता फुल. म्हणून चार्टवर मी ग्लास काढला होता ताई, काठोकाठ भरलेला. बाजूले लिहिलं होतं, दूध, ताक, गाळलेलं सूप, फुल ग्लास, दिवसातून सहा वेळा.

फुल लिक्विड म्हणजे फुल ग्लास नाई. क्लिअर म्हणजे ज्याच्यातून आरपार दिसते ते, अन् फुल म्हणजे दूध-ताकासारखं, आरपार दिसत नाई ते. एवढंच. माप तेच राह्यते, घोटभर. दुसऱ्या पानावर खाली लिहिलेलंही होतं. मी चार्ट पहिल्या पानावरून बनवला, दुसरं पान फाइलीत ठेवून देल्लं.

दादानं ग्लास पाह्यला अन् मले म्हणे, "काल कपभर अन् आज ग्लासभर? शिव्या, मॅडमले एक फोन लावून विचार ना गड्या."

मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? लिहिलेलं आहे. मी वाचून राह्यलो ना?"

हे कोणालेच माईत नाई. हेच लिहाले बसलो होतो अन् सोयाबीन, जीप लिहीत बसलो. नंबर माह्या मोबाइलमधी सेव्ह होता. मले लाज वाटली. इंग्लिश मिडियमचा पोरगा अन् एक शब्द विचारू कसा, असं वाटलं.

मोठ्या आईनं चित्र पाह्यलं अन् ग्लास भरला. दादानं अर्धा ग्लास पेला अन् थांबला. म्हणे, "छाती भरून आली." ती माह्याकडं पाहे. मी म्हटलं, "हळूहळू पाज, पण संपव. प्रोटीन नाई गेलं तं वीकनेस येईन." तिनं पाजलं. त्यानं ओकलं. तिनं पुन्हा भरला, कारण मी म्हटलं भर, बॉडी अॅडजस्ट करून राह्यली. दुसऱ्या दिवशी त्याचा डावा खांदा दुखाले लागला. मी बाम लावला. तिसऱ्या दिवशी ताप भरला अन् श्वास लागला, तवा धरमसिंगच्या जीपमधी टाकून नागपूरले नेलं. वाटेत त्याचं डोकं मोठ्या आईच्या मांडीवर होतं, पाय माह्या. तो एकदाच बोलला. म्हणे, "माय, मले घोट नको."

टाक्यांतून गळती झाली होती. डॉक्टर बाहेर आले अन् विचारलं, "काय दिलं होतं याला?" तू तवाच नाशिकहून येऊन पोचली होती, जिन्यापाशी उभी होती. मोठी आई पुढं झाली अन् म्हणे, "साहेब, म्या पाजलं. माह्या हातानं." तुले तेवढंच ऐकू आलं. मंग लोक बोलाले लागले, मायचं मन, देल्ली असन चोरून भाकर. दहा दिवसांनी दादा गेला तवा ती गोष्ट खरीच होऊन गेली होती. कोणी तिले विचारलंच नाई.

फुलचा अर्थ मी दवाखान्यातच मोबाइलवर पाह्यला, दादा आत असताना, दुसऱ्या दिवशी. म्हणजे तेरवीले मले सगळं माईत होतं.

डॉक्टर मले म्हणाले होते, अशी गळती कोणालेही होऊ शकते, नियम पाळूनही होते. ते वाक्य मी दोन महिने धरून बसलो. होऊ शकते की तशीही झाली असती. मले माईत नाई, अन् आता कधी माईत होणार नाई. पण मोठ्या आईनं नियम मोडला नाई, हे मले पक्कं माईत आहे. नियमच मी चुकीचा काढून देल्ला होता.

गुरुवारी मी तिच्याकडं गेलो. चार्ट अजून भिंतीवरच होता. तिनं काढला नाई, अन् माही हिंमत झाली नव्हती. मी तो काढला, तिच्यासमोर ठेवला अन् सांगतलं. ग्लासच्या चित्रावर बोट ठेवून सांगतलं, मोठे आई, इथं कप पायजे होता.

ती सुपात जवारी निवडून राह्यली होती. हात थांबले नाई तिचे. म्हणे, "मले माईत आहे."

मी म्हटलं, कवापासून?

म्हणे, "डाक्तरनं इचारलं तवा तू माह्या मागं सरकला. वाचता येत नाई मले, पण लेकराचं तोंड पाहता येते. म्हणून तं म्या पुढं झाली."

मी रडाले लागलो. तिनं सूप बाजूले ठेवलं अन् म्हणे, "कागद तुहा होता, पण ग्लास तं माह्या हातात होता ना पोरा. त्यानं तोंड फिरवलं तरी म्या पाजलं. थे तुह्यावर कशी टाकू?"

मी म्हटलं, मी ताईले सांगतो. सगळं लिहून पाठवतो.

तवा ती पहिल्यांदा माह्यावर ओरडली. "खबरदार! वर्षाले काई सांगशीन तं. दोन भाऊ होते तिले. आता एक राह्यला. माय काय, आज नाई तं उद्या जानारच आहे, तिचा राग घेऊन गेली तं काय बिघडते? पण राखी बांधाले तिले एक हात लागन का नाई?"

तिनं मले शपथ घातली ताई. मी मान हलवली अन् घरी येऊन तीन दिवस काढले. आज ती शपथ मोडली. तिनं माह्यासाठी जे झेललं ते मी आणखी एक दिवस झेलू देल्लं तं मंग मी कोणाचाच कोणी नाई.

पुढच्या महिन्यात राखी आहे. मले पाठवू नको. मी हात पुढं करणार नाई. तुले मले जे म्हणायचं ते म्हण, चारचौघांत म्हण, ज्यायच्यासमोर तिले म्हटलं त्यायच्यासमोर म्हण. मी उभा राहीन.

फक्त येजो. फोन करू नको, फोनवर ती "मी बरी आहे" म्हणून ठेवून देईन. ये, अन् घरात आल्यावर तिले पाणी माग. ती म्हणीन, माठ तिथं आहे. तू जागची हलू नको. तिनं भरून देल्लं तरच पेजो.

ज्याचं नाव तुह्या मायनं घेतलं नाई, तो
शिवम