गडग्यापलीकडचा तांबू

आचरा, ता. ८ जानेवारी २०२४

चि. अपेक्षास, हरिश्चंद्रकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलवत नाही म्हणून लिहितो. आपला तांबू गेला. शेजारच्या सत्यवानाने बांगडा माशाच्या डोक्यात उंदरांचे औषध घालून मधल्या दगडी गडग्यावरून टाकले. त्याच्या कोंबड्या तांबू खातो, असा त्याचा समज. तांबूला पुरून आठ दिवस झाले, कोंबड्या जातातच आहेत; काल मुंगूस मी डोळ्यांनी पाहिले. सांगायला गेलो तर म्हणतो, कुत्र्यापायी कित्याक रडतस!

तेच औषध मी आणून ठेवले आहे. त्याची म्हैस रोज आपल्या कुंपणाकडून जाते. हे कळल्यापासून काकू माझ्याशी बोलत नाही. न बोलली तरी चालेल.

तुझे चिनी भाषेचे शिक्षण कसे चालले आहे? आमच्यावर माया असू दे.

काका


पुणे, ता. १६ जानेवारी

ती. काकांस शि. सा. न.

पत्र वाचून रडले. एसटीतून उतरले की तांबूच मला घरी न्यायचा. पण काका, औषध आधी पुरून टाका. म्हशीने काय केलंय?

सध्या एक नवी चिनी गोष्ट मराठीत आणते आहे. एक खाटीक म्हातारीचं गाढव चोरून मारतो. वर्षाने त्याच्याच गोठ्यात तसंच शिंगरू जन्मतं. म्हातारी रोज जाऊन त्याला गवत घालते, मेलेल्या गाढवाच्या नावाने हाक मारते. शेवटी खाटीक सुरी नदीत फेकतो. आमच्या बाई म्हणतात, जीव फिरून येतो ही तिकडची श्रद्धा त्यात आहे. मला वाटतं, म्हातारीने माफ केलं. बघा पटतं का.

काकूला नमस्कार. रागवा, पण पत्र लिहा.

अपेक्षा


आचरा, ता. ४ मार्च

चि. अपेक्षास आशीर्वाद.

औषध पुरले. गोष्ट चारदा वाचली. म्हातारीने कुणाला माफबीफ केलेले नाही, गो!

सत्यवानाने राखणीला पिल्लू आणले आहे. रोज सकाळी मी गडग्याशी उभा राहून त्याला तांबू म्हणून हाक मारतो, भात घालतो. ते शेपूट हलवत येते आणि सत्यवानाचे तोंड उतरते. हे थांबवा, असा त्याने काकूकडे निरोप दिला. तेव्हापासून मी संध्याकाळीही जातो. औषधापेक्षा हे बरे.

तुझा काका


आचरा, ता. २ एप्रिल

चि. अपेक्षास आशीर्वाद.

तुझे रागाचे पत्र पोचले. सत्यवान गेल्या आठवड्यात आमच्या घरापुढच्या खळ्यात येऊन हात जोडून उभा राहिला. चुकलंय, माका माफ कर, म्हणाला. मी म्हटले, तांबूक विचार. दुसऱ्या दिवशी पिल्लू आमच्या दारात बांधून, म्हैस-कोंबड्या वाडीत सोपवून, घराला कुलूप लावून तो पिंगुळीला लेकीकडे निघून गेला.

एक दिवस मला फार बरे वाटले. पण पिल्लू तीन दिवस अन्नाला शिवलेले नाही. सोडले की जाऊन सत्यवानाच्या बंद दाराशी बसते. तांबू म्हणून हाक मारली तर मान वळवत नाही. काल त्याला उचलून आणताना ते माझ्या हाताला चावले.

उद्या पहिल्या एसटीने त्याला घेऊन पिंगुळीला जातो. सत्यवानाला मी माफ केलेले नाही, तसे त्याला तोंडावर सांगणारही आहे. पण कुत्रे उपाशी आहे.

राग गेला की दोन ओळी टाक.

तुझा काका