ताण घालवायची सक्ती

वसतिगृह, ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

इथे दातांची डॉक्टर व्हायला आले की वर्गाची करमणूक करायला, तेच कळेनासं झालंय. मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायची असते. सुरी घेतली की माझा हात थरथरतो. काल सरांनी माझी दाढ उंच धरून वर्गाला विचारलं, हा दात आहे की उकडलेला बटाटा. अख्खा वर्ग खिदळला. मीही हसले, आणि त्याचाच राग जास्त येतोय.

त्यात कॉलेजनं ताण घालवायची कार्यशाळा काढलीय. हजेरी सक्तीची! आणि ती कधी, तर जेवणाच्या सुट्टीत. उपाशीपोटी डोळे मिटून शांत समुद्र पाहायचा. मला भरलेलं ताट दिसतं. तिथल्या बाईंना म्हटलं, प्रात्यक्षिक परीक्षा आठवडाभर पुढे ढकला, ताण आपोआप जाईल. त्या म्हणाल्या, परिस्थिती बदलता येत नाही, दृष्टी बदलावी. मावशी, वेळापत्रक म्हणजे काय ग्रहण आहे?

सगळं सोडून घरी यावंसं वाटतं.

चिडलेल्या भाचीवरही लोभ असू द्यावा.
तुझी भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

शाळेच्या मैदानावर पोरींना पळवून माझा घसा बसलाय, म्हणून ओरडायचं ते लिहिते. लवकर उठ, पळायला जा, दूध पी, फोन लांब ठेव. मनसुद्धा स्नायूच गं, वापरलं की बळकट होतं. बटाटा म्हटल्यानं कोणी मरत नाही. मला शाळेत शिडी म्हणायचे. त्याच शिडीनं पुढे उंच उडीत बक्षिसं आणली. घाबरून घरी आलीस तर मात्र कान धरीन.

पत्र पाठवावं, आणि त्याआधी जेवावं.
तुझी मावशी

१५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

त्या कार्यशाळेतल्या बाई परवडल्या, निदान दूध पी म्हणत नाहीत. जो तो मलाच दुरुस्त करायला निघालाय, जशी काही मीच किडलेला दात. उपदेश नको होता गं. फार वाईट झालं, एवढं लिहिलं असतंस तरी पुरलं असतं.

राग उतरला की लोभाचं बघू.
भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

फार वाईट झालं. शिट्टी फुंकून फुंकून माझी ऐकायची सवयच गेलीय.

एकच विचारते. वर्ग खिदळला म्हणतेस, पण तुझ्या शेजारी बसते तिचा तरी हात स्थिर असतो का? पाहिलंयस कधी? कान धरायचं रद्द. यायचं तर ये, दार उघडं आहे.

तुझ्यावर लोभ आहेच, तू रागावलीस तरी.
मावशी

६ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

माझ्या शेजारी बसते तिला आम्ही जिराफ म्हणतो, इतकी उंच. तू लिहिलंस म्हणून नीट पाहिलं, तर तिच्या बोटांना चिकटपट्ट्या. थरथरून सुरी लागते. त्या दिवशी ती हसली होती ते आपली पाळी टळली म्हणून.

परीक्षेत ती चक्कर येऊन पडली. सरांनी पाणी मागवलं आणि बाकीच्यांना बजावलं, वेळ चालू आहे, माना खाली. माझी दाढ या वेळी खरंच जमत आली होती. तरी सुरी ठेवली, खाली बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. सर म्हणाले, जागा सोडलीस, परीक्षा गेली. मी म्हटलं, जाऊ द्या. हात थरथरत होता, आवाज नाही. मग आणखी चौघी खाली येऊन बसल्या.

नंतर सगळ्या मिळून प्राचार्यांकडे गेलो. जेवणाची सुट्टी तेवढी परत मिळाली. वेळापत्रक हलणार नाही म्हणाले. सरांना कोणी चकार शब्द बोललं नाही आणि आम्ही सहाजणी नापास. अशी चीड येते की भांडी आपटावीत, पण खोलीत एकच पेला आहे.

सोडून मात्र येत नाही. फेरपरीक्षेसाठी सगळ्या माझ्या खोलीत कोरायला बसतो. मेणाच्या भुग्यात चपला चिकटतात. काल जिराफनं माझ्या दाढेला नावं ठेवली, मी तिच्या, आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

नापास झाल्याचं आईला तू सांगशील का, हे विचारायला कागद घेतला होता. आता वाटतं, नको. ती रडेल, बोलेल, मी ऐकून घेईन. मीच सांगते.

त्यानंतर तिलाच कोणीतरी लागेल. माझ्या वाटच्या लोभातला थोडा तिकडे वळवावा.
तुझी भिंगरी