पट्टा संपलेल्या घराचा मालक

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.
निर्णय पक्का. चंद्रपूरचं हे घर विकायचं आणि नागपूरला फ्लॅट घ्यायचा. लिफ्टवाला. तिथे शेजारी भिंतीवरून डोकावत नाहीत.
हिला सांगितलं. ही पुढच्या खोलीत मशीनवर ब्लाउज शिवत होती. "बरं," म्हणाली. म्हणजे संमती आहे. अन्नपूर्णेचं असं आहे, तिला फार विचारावं लागत नाही.
शेजारच्या भैयाजीला मात्र कळू द्यायचं नाही. त्याचा या घरावर डोळा आहे. पुरावा नाही. मिळेल.

संध्याकाळी ६.
गिऱ्हाईक येऊन गेलं. आदेश नावाचा मास्तर, कुरखेड्याहून इकडे बदली झालीय. घरच्या नव्या धानाचे तांदूळ घेऊन आला होता. पहिल्या भेटीत तांदूळ कोण आणतं?
छत पाहिलं नाही, नळ पाहिला नाही. बसल्या बसल्या विचारतो, "काकाजी, जागा मालकीची हाये का नझूलची, म्हंजे सरकारी? नझूलची असन तर सरकारचा पट्टा पाहा लागते. किती सालापर्यंत हाये?"
मी म्हटलं, तीस वर्षांच्या टॅक्सच्या पावत्या माझ्या नावाने आहेत, आणखी काय पाहिजे. तर म्हणे, पावती म्हणजे मालकी नाही. इसार द्यायच्या आधी पट्ट्याचा कागद पाहिजे.
जो घर सोडून कागद पाहतो तो साधा मास्तर नाही.
तांदूळ चांगला निघाला. तरीही.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
भैयाजी भिंतीवरून: "लटारूभाऊ, तुमच्या पट्ट्याचं कुठवर आलं जी?"
याला पट्ट्याचं कसं माहीत? परवा मास्तर पट्टा म्हणतो, आज हा पट्टा म्हणतो. दोघं मिळालेले आहेत.
भैयाजीने स्वतःचा पट्टा गेल्या वर्षी वाढवून घेतला. वर्षभर नझूल ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. मी पाटबंधाऱ्यात हेडक्लर्क होतो. माझ्या कागदांना पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.
"माझं सगळं क्लिअर आहे," म्हटलं. तो हसला. नोंद घेतली.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
पेटी उपसली. पट्टा सापडला नाही. सापडलं ते: टॅक्सच्या पावत्या, कूलरचं वॉरंटी कार्ड, आणि नझूल ऑफिसचा एक लिफाफा, २०२३ चा, न फोडलेला. तेव्हा मीच फोडू दिला नव्हता. सरकारी शिक्का मारून फसवणारे फार झालेत.
आजही फोडला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.
पट्टा चोरीला गेला असावा.

१० नोव्हेंबर, सोमवार.
ही अकरा वाजता पिशवी घेऊन निघाली. बटणं आणायला. चार वाजता परतली. पिशवीत बटणं नव्हती.
मी काही बोललो नाही. माणूस गप्प राहिला की समोरचा चुकतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
मागावर गेलो. हिचा ऑटो कलेक्टर ऑफिसच्या गेटवर थांबला. पायरीवर भैयाजी उभा. त्याने हिच्या हातातली निळी फाईल घेतली आणि दोघं आत गेले.
मी समोरच्या चहाच्या टपरीमागे लपलो. तिथे जुन्या ऑफिसातले मुखरू साहेब भेटले. "काऊन जी लटारू, कोनापासून लपून राह्यला?" त्यांच्यासोबत दोन चहा घ्यावे लागले. तेवढ्यात ती दोघं निघून गेली.
सगळा उलगडा झाला. घर भैयाजीच्या नावावर चढवणं चाललंय. माझ्या बायकोच्या हाताने.
जेवलो नाही. ही दोनदा विचारून गेली. तिसऱ्यांदा आली नाही, म्हणून मग जेवलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
आधी वार करायचा. हरकतीचा अर्ज लिहिला: "सदर मालमत्तेच्या पट्ट्यासंबंधी कोणतीही कार्यवाही माझ्या संमतीशिवाय करण्यात येऊ नये." तेहतीस वर्षांचा हात आहे, एक खाडाखोड नाही.
नझूल ऑफिसात चंचल मॅडम म्हणून बाई आहेत. त्यांनी प्लॉट नंबर पाहिला, माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "नक्की द्यायचा आहे का अर्ज?" म्हटलं, नक्की. पोच घेतली.
फार दिवसांनी हलकं वाटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
मास्तरचा फोन. बँक म्हणते, पट्टा चालू असल्याशिवाय कर्ज नाही. वर विक्रीला कलेक्टरची परवानगी लागते, न घेता विकलं तर शर्तभंग. म्हटलं, माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. तो म्हणाला, "देऊन टाका मंग त्याले." आता दुसरं गिऱ्हाईक शोधणं आलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
लिफाफा फोडला. लिहिलंय: पट्ट्याची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपते, त्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करावा.
ती तारीख उलटून दीड वर्ष झालं. म्हणजे आता हे पत्र निरुपयोगी.
शिवाय नावातही चूक आहे. माझ्याऐवजी "सौ. अन्नपूर्णा" घातलंय. अशी ऑफिसं आणि अशी माणसं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
हरकतीवर सुनावणी होती. ही आली होती. भैयाजीही. मी मुद्दे पाठ करून गेलो होतो.
चंचल मॅडमनी निळी फाईल उघडून माझ्यासमोर ठेवली. १ एप्रिल १९९४ चा पट्टा. पट्टेदार: सौ. अन्नपूर्णा. साक्षीदार: भैयाजी. सोबत एक अर्ज, की मी सरकारी नोकर असल्याने पुढे खात्याची चौकशी नको, म्हणून जागा पत्नीच्या नावे द्यावी. अक्षर माझं. एक खाडाखोड नाही.
आठवलं. तेव्हा मला आमच्या साहेबाचा संशय होता.
मॅडम म्हणाल्या, बाई आठ महिन्यांपासून नूतनीकरणासाठी येताहेत. सगळं पूर्ण झालं होतं, तेरा तारखेला आदेश निघणार होता. बारा तारखेला एका त्रयस्थ व्यक्तीची हरकत आली, म्हणून थांबला.
त्रयस्थ म्हणजे मी.
"तुमचा या जागेशी काय संबंध?" त्यांनी विचारलं. लिहून घ्यायचं होतं त्यांना.
"राहतो," मी म्हटलं.

परत येताना ऑटोत हिला विचारलं, मला सांगितलं का नाही. म्हणाली, "लिफाफा आला तवा सांगतलंच होतं. तुमी म्हनले, हे फसवनाऱ्याचं पत्र हाये, हात नोको लावू. मंग भैयाजीभाऊले इचारलं."
आणि विकायला बरं म्हणाली होतीस ते?
"बरं म्हनलं म्हंजे आयकलं. माह्या बारा पोरी शिवण शिकून राह्यल्या इथी. घर इकून मी लिफ्टमंदी मशीन मांडू का?"
ऑटोवाला आरशातून पाहत होता. बहुतेक भैयाजीच्या ओळखीचा.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
हरकत मागे घेतली. या अर्जाला तीन खर्डे लागले. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा "तांत्रिक", मग "प्रकृती" लिहिलं. मॅडम म्हणाल्या, खरं ते लिहा. "गैरसमज" लिहिलं.
घर विकायचं नाही, असं मास्तरला हिनेच फोन करून सांगितलं. पाच मिनिटं बोलत होती, हसतही होती. काय बोलली ते विचारलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार.
नूतनीकरणाचा आदेश आला. आणखी तीस वर्षं. भैयाजी पेढे घेऊन आला. मला पहिला दिला, काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
दुपारभर सगळ्या अटी वाचल्या. सातवी अट: पट्टेदाराच्या संमतीशिवाय जागेचा ताबा इतर कोणास देऊ नये. दोनदा वाचली.
शिवणाच्या पोरी गेल्यावर पुढच्या खोलीत गेलो. उभ्यानेच हिला विचारलं, मी इथे राहिलो तर तुझी काही हरकत नाही ना.
तिने मशीन थांबवलं नाही. "राहा जी," म्हणाली. "फक्त कोनाले अर्ज देऊ नोका."
मान्य केलं. तोंडी.