दोर माझ्याकडेच आहे

५ जानेवारी, रविवार

या वर्षीचा संकल्प: भावनेच्या भरात कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. बोट विकून टाकायची.

बोट वाईट नाही, पब्लिक वाईट आहे. गेल्या वर्षी मोहोळच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडून ती घेतली तेव्हा हिप्परग्याच्या तलावावर पक्षीदर्शन सफारी सुरू करायची माझी स्कीम होती. स्कीम पहिल्या दर्जाची होती. वर्षभरात चार गिऱ्हाइकं आली, मी आणि माझी बायको विजयमाला धरून. सध्या बोट बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आहे आणि आमच्या सौभाग्यवती तिच्यात शेंगा वाळवतात.

१२ जानेवारी, रविवार

बोटीला गिऱ्हाईक मिळालं. खालिद. समोरच्या गल्लीतला टेम्पोवाला आणि माझा वीस वर्षांचा दोस्त. रोज संध्याकाळी सहाला काशम्माच्या हॉटेलात आम्ही दोघांत एक चहा घेतो. आमची मुलगी संस्कृती शाळेत होती तेव्हा पावसाळ्यात तिला टेम्पोत पुढे बसवून सोडायचा. मी कॉलेजात हेडक्लार्क झालो तरी मला अभ्याच म्हणतो. स्टाफसमोर म्हणू नकोस असं दोनदा समजावलं, उपयोग नाही.

म्हणाला, अभ्या, बोट तुज्याकडं नुसती पडून सडायलीय, मला दे, मी चालवून दाखवतो. 'चालवून दाखवतो' जरा लागलं. पण मित्र म्हणून दिली. मी मोठ्या मनाचा माणूस आहे.

१९ जानेवारी, रविवार

डिलिव्हरी झाली. खालिदने टेम्पो आणला, चौघांनी मिळून बोट चढवली, मी सूचना दिल्या.

ऐन वेळी मंद्रूपहून आप्पांचा फोन आला. वडील शेतकरी माणूस, विक्रीतले बारकावे त्यांना बरोब्बर कळतात. म्हणाले, बोट इकतूस तर इक, पर दावं दिऊ नगंस. बैल इकला तरी दावं आपल्याच घरात ऱ्हातंय, न्हाय तर त्याच्यासंगं लक्ष्मी जाती. मी लगेच बोटीचा पिवळा नायलॉनचा दोर सोडून काढून घेतला. खालिद हसला. म्हणाला, ठेव बाबा, तुजी लक्ष्मी तुज्याकडं.

विजयमालाने विचारलं, बोट काय कडबा खाते का. व्यवहार आणि परंपरा दोन्ही एकाच दिवशी सांभाळणारी माणसं आता राहिली नाहीत.

२६ जानेवारी, रविवार. संध्या. ७

झेंडावंदनाला गेलो होतो. मन प्रसन्न होतं. सहाला काशम्माकडे खालिद भेटला आणि सगळं बिघडलं.

झालं असं: काल त्याने बोट तलावाच्या काठाला बाभळीला बांधली. कशाने, तर टेम्पोच्या ताडपत्रीच्या सुतळीने. रात्री वारा सुटला, सुतळी तुटली, बोट पाण्यावर भटकत जाऊन बांधाच्या दगडांवर आपटली. पुढच्या बाजूला भोक.

खालिद म्हणाला, अभ्या, दोर असता तर हे झालं नसतं, दुरुस्ती अर्धी-अर्धी करू. मी शांतपणे समजावलं की डिलिव्हरी झाली की विकणाऱ्याची जबाबदारी संपते, आणि दोर हा काही बोटीचा भाग नव्हे. तो म्हणाला, दोराबिगर बोट म्हंजे काय गा, टायराबिगर टेम्पो? मी म्हटलं, असली भावनिक विधानं कायद्यात टिकत नाहीत. शिवाय दोर मागायचं त्याला त्याच वेळी सुचायला हवं होतं.

तो चहा अर्धा ठेवून उठून गेला. मी त्याचाही अर्धा प्यायलो. नासाडी नको.

२७ जानेवारी, सोमवार

कालचं सगळं बोलणं पुन्हा आठवून पाहिलं. प्रत्येक मुद्द्यावर मीच बरोबर होतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

खालिद आठवडाभर चहाला आला नाही. याचा अर्थ तो तयारी करतोय. गाफील राहून चालणार नाही. ऑफिसात चोवीस वर्षं मसुदे लिहिलेत, ते कशासाठी.

आज त्याला 'कारणे दाखवा' नोटीस काढली. विषय: दि. २६ रोजी चहाच्या ठिकाणी केलेल्या बेजबाबदार वक्तव्याबाबत. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपणांस काहीही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल. भाषा फार सुंदर उतरली. विजयमाला म्हणाली, मी नेऊन देणार नाही, मला त्याच्या बायकोला, रुक्सानाभाभीला तोंड दाखवायचंय. शेवटी मीच जाऊन टेम्पोच्या वायपरखाली खोचून आलो. कुत्रं भुंकलं. ओळखीचं असून.

१० फेब्रुवारी, सोमवार

मुदत संपली. खुलासा नाही. म्हणजे खालिदला काहीही म्हणावयाचे नाही. प्रकरण निकाली, निकाल माझ्या बाजूने.

संध्याकाळी काशम्माला सांगितलं. ती म्हणाली, मग खालिदभाई येत का न्हाय वो? पयलं दोगं मिळून एक सांगत हुता, आता तुमी एकटेच येऊन अर्धा मागतावसा. मी अर्धा काय करू साहेब, कपात दिसत बी न्हाय. तिला कायद्यातलं काय कळणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

आप्पांना फोन करून विजयाची बातमी दिली. त्यांनी भलताच प्रश्न विचारला: त्यानं सोताचं दावं आणलं व्हतं का? म्हटलं, नाही. तर मलाच बोलू लागले. मग तू बैल सोडलासच कसा? घेणारा आपलं दावं घिऊन येतोय, ते बांधल्याबिगर आपलं सोडायचं नसतंय. एवढं बी ठावं न्हाय व्हय तुला?

आप्पांचं वय झालंय. ही माहिती त्यांनी विक्रीच्या दिवशीच द्यायला हवी होती. उशिरा आलेली कागदपत्रं आम्ही ऑफिसात स्वीकारत नाही, इथेही स्वीकारता येणार नाहीत.

२ मार्च, रविवार

आजपासून रोजे. दर वर्षी खालिद रोजा सोडून झाला की काहीतरी ताटलीत झाकून घेऊन येतो आणि आमच्या गॅलरीत बसतो. या वर्षीही येणारच. सवय सुटत नाही माणसाची.

संकल्प: आल्या आल्या माफ करायचं नाही. निदान चहा संपेपर्यंत थांबायचं.

९ मार्च, रविवार

आला नाही. ताटली आली. रुक्सानाभाभींनी विजयमालाकडे भजी आणि खजूर दिले. माझा त्या घराशी संबंध नसल्याने मी फक्त चव पाहिली. चार भजी.

विजयमालाने आणखी बातमी आणली. खालिदने फायबरवाल्याकडून बोट स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून घेतली, तलावावर फेऱ्याही सुरू केल्या. नवा दोर घेतलाय, निळा. मी म्हटलं, रंगाचा प्रश्नच नव्हता. नंतर जेवण गेलं नाही. भज्यांमुळे असेल.

१८ मार्च, मंगळवार

गच्चीवर गेलो तर पिवळ्या दोरावर चादरी वाळत होत्या. मुद्देमालाचा असा वापर करता येत नाही हे विजयमालाला सांगितलं. ती म्हणाली, लक्ष्मी घरात आहे तर कामाला लागू दे की.

३१ मार्च, सोमवार. ईद

काल पाडवा होता, तेव्हाचाच नवा शर्ट आज घातला. सकाळपासून गॅलरीत उभा होतो, सहज. दर ईदला खालिद खालून ओरडतो, अभ्या, शिरखुर्मा गार व्हायलाय, ये की. आज ओरडला नाही. टेम्पो पुसत होता. वर बघितलं, पण बघितल्यासारखं नाही.

विजयमाला एकटीच जाऊन आली. भाभी म्हणाल्या म्हणे, भाईंना बी आणायचं की. पण खालिद काही बोलला नाही. निमंत्रण सक्षम अधिकाऱ्याकडून आलेलं नसल्याने त्यावर कार्यवाही करता येत नाही.

ही डायरी कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. वीस वर्षांत मी दुसरा मित्र केला नाही, गरजच पडली नव्हती.

शिरखुर्म्याच्या डब्याला हात लावला नाही. संध्याकाळी लावला.

१२ एप्रिल, शनिवार

निर्णय घेतला. तडजोड करायची. कोणीतरी मोठं व्हायला हवं आणि पदाने मीच मोठा आहे.

मसुदा तयार आहे. कलम एक: विक्रेता केवळ मैत्रीखातर सदर दोर खरेदीदारास विनामूल्य देत आहे. कलम दोन: दुरुस्तीच्या निम्म्या खर्चाचा विक्रेता सहानुभूतीपूर्वक विचार करील. कलम तीन: चहा पूर्ववत सुरू करण्यात येईल. वाचून खालिदच्या डोळ्यांत पाणी येणार. त्याला सावरायचं कसं तेही ठरवून ठेवलंय.

विजयमाला म्हणाली, कागद कशाला, नुसतं जा आणि चुकलं म्हणा. मी म्हटलं, तो मुद्दा 'ऐनवेळचे विषय' यात घेता येईल.

२० एप्रिल, रविवार. रात्री ८

दोर पिशवीत, मसुदा खिशात. बसने हिप्परग्याला गेलो. गर्दी होती. माझ्या वेळी एवढी गर्दी कधी झाली नाही, पण माझ्या वेळी हवा वेगळी होती.

खालिद डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी घालून उभा होता. मला बघून थांबला. मी मनातल्या मनात कलम एक सुरू केलं. तो म्हणाला, या सर.

मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मी रांगेत उभा राहिलो आणि तिकीट काढलं. त्याने ते फाडून अर्धं परत दिलं. मला नारिंगी लाइफ जॅकेट घातलं, बक्कल स्वतः लावलं, ओढून पाहिलं. सगळ्यांचंच पाहत होता. बार्शीहून आलेल्या एका कुटुंबाच्या मधोमध मला बसवलं. बोट अजिबात गळत नव्हती. मधे पाण्यातल्या वाळक्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून बसला होता. खालिदने सगळ्यांना सांगितलं की त्याचे पंख भिजतात म्हणून तो असा वाळवत बसतो. हे त्याला मीच सांगितलं होतं, याच बोटीत. सांगताना त्याने माझ्याकडेही पाहिलं, मला माहीत नसल्यासारखं.

मी उठून म्हटलं, खालिद, माझं जरा... तो म्हणाला, सर, बोट चालू असताना उभं राहू नका. खाली बसलो. पिशवी मांडीवरच राहिली.

उतरताना त्याने हात दिला. पकड तीच. एक क्षण मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. मग तोच हात त्याने बार्शीच्या बाईंना दिला, मग त्यांच्या सासूबाईंना. मी काठावर जरा वेळ उभा राहिलो. पुढची फेरी भरत आली तेव्हा त्याचं लक्ष गेलं. हसून म्हणाला, पुढच्या वेळी फॅमिलीला बी घिऊन या सर.

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी बसमध्ये पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. थोडा तरी राग असायला हवा होता.

घरी आल्यावर विजयमालाने विचारलं, काय झालं, बोलला का. म्हटलं, हो, बोलला की. पुढच्या वेळी तुलाही बोलावलंय.